सरांनी वाचून घेतलेला अहवाल

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिण्याचे निमंत्रण आले, तेव्हा मला प्रथम आठवले ते आपले नागरिकशास्त्राचे सर. त्यांचे नाव येथे लिहीत नाही. त्या काळच्या विद्यार्थ्यांना ते सांगावे लागणार नाही.

आम्ही नववीत असताना लोकप्रतिनिधींवरचा धडा सरांनी पाठ्यपुस्तकातून शिकवलाच नाही. ठाण्याचे तेव्हाचे खासदार रामभाऊ म्हाळगी आपल्या कामाचा वार्षिक अहवाल छापून मतदारांपुढे ठेवीत असत. ती पुस्तिका घेऊन सर वर्गात आले आणि एकेकाला उभे करून त्यांनी ती मोठ्याने वाचून घेतली. मग म्हणाले, "आता प्रत्येकाने खासदारांना विचारायचा एक प्रश्न वहीत लिहा." माझा प्रश्न लोकलच्या गर्दीचा होता. सरांनी त्याखाली लाल शाईने लिहिले, 'कोणत्या गाडीची, कोणत्या वेळेची?'

विशेष हे की सर समाजवादी विचारांच्या राष्ट्र सेवादलात वाढलेले, तर म्हाळगी संघाचे आणि जनसंघाचे. हिंदुत्वाचा विचार सरांना मान्य नव्हता आणि ते त्यांनी आमच्यापासून कधी लपवले नाही; तरीही ज्याचे काम चोख, त्याचे श्रेय त्यालाच, हा त्यांचा करडा नियम होता.

६ मार्च १९८२ रोजी म्हाळगींचे निधन झाले. त्यानंतरच्या तासाला सरांनी त्यांचा सारा प्रवास सांगितला : पुणे जिल्ह्यातील कडूस येथे जन्म, वकिली, १९५७ मध्ये मावळातून विधानसभेवर निवड, पुढे पुण्याची आमदारकी, आणीबाणीतील तुरुंगवास आणि १९७७ व १९८० मध्ये ठाणेकरांनी लोकसभेवर केलेली त्यांची निवड. विरोधी विचाराच्या माणसाबद्दल इतक्या आदराने बोलणारे शिक्षक आम्हाला लाभले, हे आमचे भाग्य होय.

पुढे माझी सारी नोकरी लेखापरीक्षणात गेली आणि नेमका प्रश्न विचारण्याची सरांची ती शिस्त मला जन्मभर पुरली. उत्तनला म्हाळगींच्या नावाची प्रबोधिनी लोकप्रतिनिधींना प्रशिक्षण देते, याचे समाधान वाटते. मात्र ठाण्याच्या तलावपाळीवरून जाताना नेत्यांच्या वाढदिवसाचे फलक पाहिले की वाईट वाटते. वर्षभरात काय केले, हे त्यांपैकी एकावरही लिहिलेले नसते.

आपल्यापैकी कोणाच्या घरी म्हाळगींचे ते जुने अहवाल असतील, तर त्यांनी ते शाळेच्या ग्रंथालयास द्यावेत, ही माझी विनंती आहे. नववीच्या वर्गात ते पुन्हा वाचून घ्यावेत.