प्रत्येकाचा महिना वेगळा

९ ऑक्टोबर २०२५, गुरुवार

ह्यांच्या मोबाइलचा रिचार्ज मारायला घेतला आणि दिवाळी सेलच्या मेसेजांच्या ढिगात गाडीचा हप्ता परत गेल्याचा मेसेज दिसला. एक नाही, दोन. पहिला रविवारचा, पाच तारखेचा. दुसरा आज सकाळचा. मशीनवर अर्धं ब्लाउज होतं, ते तसंच राहिलं. वही काढून बसले.

जुन्या बँकेच्या खात्यात बारा रुपये पडून होते. दसऱ्याच्या शिलाईचे पाच हजार मी ह्यांना दिले आणि ह्यांनी ते तीन तारखेला त्या खात्यात टाकले. म्हणजे ५,०१२. हप्ता ४,८६० चा. दीडशे रुपये उरायला हवे होते. पण चार तारखेला बँकेने मिनिमम बॅलन्स नाही म्हणून तीनशे रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असे ३५४ कापले. राहिले ४,६५८. हप्त्याला २०२ रुपये कमी पडले.

पुढचं सगळं त्या २०२ रुपयांचं. हप्ता परत गेला म्हणून बँकेचे ५०० अधिक जीएसटी, म्हणजे ५९०. फायनान्सवाल्यांनी आज पुन्हा हप्ता लावून पाहिला. तो आधीच्या कापाकापीमुळे अर्थातच परत गेला. पुन्हा ५९०. शिवाय फायनान्सवाल्यांचा स्वतःचा बाउन्स चार्ज, ४५० अधिक जीएसटी, ५३१. एकूण १,७११.

मी साडीला फॉल-पिको करायचे नव्वद रुपये घेते. एकोणीस साड्यांचे १,७१० होतात. एकोणीस साड्यांच्या कडा हाताने धरून धरून मान गेली आणि वर रुपया पदरचा.

हे साडेसातला आले. चहा होईपर्यंत काही बोलले नाही. मग विचारलं, "अहो, रविवारीच कळलं होतं ना तुम्हाला?"

"कळलं होतं."

"मग?"

"सातला पगार झाला की टाकणार होतो. पगार झाला, तर घरभाडं आणि शाळेची व्हॅन. म्हटलं उद्या बघू."

"मला सांगायचं ना."

"दिवाळी तोंडावर आलीय, तुझ्या डोक्याला अजून कशाला."

दुसरे ५९० रुपये या न बोलण्याचे. ते ह्यांच्या नावावर लिहावेत असं मनात आलं होतं. पेन हातात धरलेलं होतं. पण तूरडाळीच्या डब्यामागे माझे अठराशे रुपये होते आणि ते ह्यांना ठाऊक नव्हते. मशीनची मोटर अधूनमधून गुरगुरते, तिच्यासाठी ठेवलेले. म्हणजे २०२ रुपये घरातच होते, हप्त्यापासून सहा फुटांवर. ह्यांनी हप्ता लपवला, मी डबा.

जुन्या खात्यात उरलेले ३,४७८ काढले, पगारातले वर घातले आणि रात्रीच हप्ता आणि चार्ज ऑनलाइन भरून टाकले. ब्लाउज उद्या.


१० ऑक्टोबर, शुक्रवार

रात्रभर एकच डोक्यात. ते खातं तर झिरो बॅलन्सचं होतं, मग मिनिमम बॅलन्स आला कुठून? सकाळी ह्यांचे जुने मेसेज मागे मागे जाऊन वाचले.

ते होतं पगाराचं खातं. सातपूरच्या जुन्या कंपनीने काढून दिलेलं. मे महिन्यात ह्यांनी कंपनी बदलली, नवीन कंपनीने तिच्या बँकेत नवीन खातं काढलं. गाडीचा हप्ता मात्र जुन्याच खात्याला लागलेला. आम्ही दर महिन्याला इकडून तिकडे पाच हजार पाठवायचो आणि सगळं सुरळीत आहे असं समजायचो. जून, जुलै, ऑगस्ट असा तीन महिने पगार आला नाही, तेव्हा बँकेने ते साधं बचत खातं करून टाकलं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मेसेजही केला होता: सरासरी पाच हजार ठेवा, नाहीतर महिनाभराने शुल्क लागेल. रिझर्व्ह बँकेचा तसा नियमच आहे, आधी कळवायचं, महिन्याची मुदत द्यायची. कळवलं होतं. त्या वेळी आम्ही गणपती उठवून पाठ शेकत होतो.

'सरासरी' या शब्दातही गोम आहे. मला वाटायचं, महिन्याच्या शेवटी पाच हजार दिसले की झालं. तसं नाही. रोज रात्रीची शिल्लक मांडायची, तिची बेरीज करायची आणि दिवसांनी भागायचं. तीस दिवस पाच हजार ठेवा किंवा एकच दिवस दीड लाख ठेवून दुसऱ्या दिवशी काढून घ्या, हिशोब सारखाच. ज्याच्याकडे एका दिवसासाठी दीड लाख आहेत त्याला तीनशे रुपयांचं काय पडलंय म्हणा.

आणि त्या शुल्कापायी खातं शून्याच्या खाली न्यायचं नाही, असाही नियम आहे, २०१५ पासून. चांगला नियम. पण त्याचा व्यवहारात अर्थ असा, की बारा रुपयांतून ३५४ निघत नाहीत तोवर शुल्क दारामागे मांजरासारखं बसून राहतं. दूध ठेवलं की पहिली जीभ त्याची. आमचे पाच हजार हप्त्याचे होते, हे खात्याला कुठून कळणार.

माझी मामेबहीण पंजाब नॅशनल बँकेत पैसे ठेवते. तिथे या जुलैपासून मिनिमम बॅलन्सचा दंडच काढून टाकलाय. कॅनरा बँकेने जूनमध्ये काढला, स्टेट बँकेने तर २०२० मध्येच. आमची बँक त्यांतली नाही.


११ ऑक्टोबर, शनिवार

दहा वाजता ब्लाउजं आवरून बँकेत गेले. शटर खाली. दुसरा शनिवार! हप्ता रविवारी कापायला येतो, २०२१ च्या ऑगस्टपासून ती यंत्रणा सुट्टीच्या दिवशीही चालते. माणसाला मात्र सोमवारची वाट बघावी लागते.

येताना रिचार्ज मारला. मग सहज मागच्या रिचार्जच्या तारखा पाहिल्या: १९ जुलै, १६ ऑगस्ट, १३ सप्टेंबर, ११ ऑक्टोबर. दर वेळी दोनतीन दिवस अलीकडे. अठ्ठावीस दिवसांचा रिचार्ज म्हणजे वर्षात बारा नाही, तेरा रिचार्ज. हे कळायला मला इतकी वर्षं लागली आणि मी स्वतःला हिशोबी म्हणवते.

मग बसून सगळ्यांचेच महिने लिहिले. घरमालकाचा महिना एक तारखेला सुरू होतो, तो दहापर्यंत थांबतो. फायनान्सवाल्याचा पाचला. कंपनीचा सातला, कारण कायद्यानेच सातपर्यंत पगार करायचा आणि कंपनी एक दिवसही आधी करत नाही. मोबाइलचा महिना अठ्ठावीस दिवसांचा. सिलिंडरचा आमच्याकडे पाच आठवड्यांचा, पाहुणे आले तर चारचा. भिशी पंधराला. लाइट बिलावर तीन तारखा असतात, लवकर भरलं तर थोडे कमी, उशिरा भरलं तर थोडे जास्त. निदान तिथे आधी छापून तरी देतात.

माझ्या शिलाईचा महिना तर सरकारच्या हातात. गेल्या वर्षीपासून हे झालंय. लाडक्या बहिणीचे दीड हजार आले की माझ्याकडची शिवून पडलेली ब्लाउजं दोन दिवसांत सुटतात. नाही आले तर, "ताई, राहू द्या, हप्ता आला की नेते." सध्या सगळ्या ई-केवायसीच्या मागे आहेत. ओटीपी येत नाही म्हणून कुणी रात्री अकराला मोबाइल घेऊन बसते. कपाटात माझी चौदा ब्लाउजं अडकलीत. अस्तराची नऊ.

पगार २१,४०० आणि शिलाईचे सहाएक हजार, कधी आठ. खर्च जवळपास तेवढाच. तंगी आहेच, नाही म्हणत नाही. पण १,७११ तंगीमुळे गेले नाहीत. पैसे सातला आले आणि हप्ता पाचला गेला, यामुळे गेले. पाच ते सात हे दोन दिवस आम्ही दोन वर्षं कुठून तरी ओढून आणत होतो. कधी माझ्या शिलाईतून, कधी भावाकडून हातउसने.

आईंना सगळं सांगितलं. (सासूबाईंना. त्यांच्यापासूनही लपवत होतो.) त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी वाण्याकडे वही होती. पगार झाला की वाणी दारात. पैसे नसले तर तोंड लपवायचं, पण वाण्याने कधी तोंड लपवायचे पैसे लावले नाहीत गं."


१३ ऑक्टोबर, सोमवार

खातं ह्यांच्या नावावर, त्यामुळे ह्यांना यावंच लागलं. अर्ध्या दिवसाचा खाडा. वहीत लिहिला: ४११.

काउंटरवरचे साहेब वाईट नव्हते. मिनिमम बॅलन्सचे ३५४ परत द्या म्हटलं, तर त्यांनी स्क्रीन आमच्याकडे वळवून सप्टेंबरचा मेसेज दाखवला. काय बोलणार. खातं बंद करायचं म्हटलं तर म्हणाले, हप्ता लागलाय तोवर बंद करू नका, पुन्हा परत जाईल. हे मात्र त्यांनी आपणहून सांगितलं.

मग मी विचारलं, मिनिमम बॅलन्स लागत नाही असं साधं खातं असतं ना, जनधनसारखं? तेव्हा म्हणाले, हो, बेसिक खातं, अर्ज द्या, हेच खातं बदलून देतो. महिन्यात पैसे काढायच्या वेळा मोजक्या, या बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येणार नाही, बाकी शिल्लक शून्य चालते. एका पानाचा अर्ज. तो त्यांच्या ड्रॉवरमध्येच होता. सप्टेंबरमध्येही तिथेच असणार.

दुसऱ्या ५९० साठी विनंतीअर्ज दिला. पोच घेतली. साहेब हसले, "बघू."

तिथून फायनान्सच्या ऑफिसात. तिथला मुलगा जेमतेम तेविशीचा. हे म्हणत होते, "हप्ता दोन दिवस पुढे नाही का होणार?" असं अगदी खालच्या आवाजात, जणू उचल मागतायत. मुलगा म्हणाला, होईल की. पाच, दहा, पंधरा, यातली कुठली पण घ्या. दहा घेतली. मधल्या दिवसांचं थोडं व्याज लागेल. खातंही बदललं, नव्या पगाराच्या खात्याला लावलं. नवीन मॅन्डेट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी, लागायला तीनेक आठवडे.

दोन वर्षं आम्ही ज्या तारखेपायी लोकांचे पैसे मागत होतो, ती बदलायला अकरा मिनिटं लागली. घड्याळ पाहिलं होतं, कारण ह्यांना दोनच्या आत कंपनीत पोचायचं होतं.

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "विचारायला लाज वाटायची." मी म्हटलं, कर्ज घेताना नाही वाटली. मग उगाच बोलले असं वाटलं. रसवंती बंद होती, दहा दहा रुपयांचा चहा घेतला.


१७ ऑक्टोबर, शुक्रवार, वसुबारस

जुन्या कंपनीचा गेल्या वर्षीचा बोनस आला. आला कुठे, तर जुन्याच खात्यात! ह्यांनी कंपनीतून फोन केला, आवाज असा की चोर शिरलाय घरात. "काढू का? आत्ता काढू का?" काढा म्हटलं. बेसिक खात्याचा अर्ज मंजूर झालेला असला तरी काढा.

बुधवारच्या बाजारातून गंगेवरून, म्हणजे गोदाकाठावरून, पणत्या आणल्या होत्या. फराळात चिरोटे कमी केले, अनारसे आईंनी हट्टाने केलेच. मुलीला ड्रेस मीच शिवला. डब्यामागचे अठराशे आता डब्यामागे नाहीत. नव्या पगाराच्या खात्यात 'हात लावायचा नाही' म्हणून टाकलेत. मोटर गुरगुरली तर तिथून काढायचे, दोघांनी ठरवून. मला ते थोडं जड गेलं, खरं सांगायचं तर. डबा माझा होता.


१० नोव्हेंबर, सोमवार

भिंतीवरच्या कॅलेंडरवर पूर्वी फक्त दुधाचा खाडा मांडायचो. आता पाच तारखेवर काट मारून दहाला लाल पेनने 'गाडी' लिहिलंय. आठला 'रिचार्ज', म्हणजे आणखी तीन दिवस अलीकडे. पंधराला 'भिशी'. मुलीने स्वतःच्या अक्षरात वीसला 'सहल २५०' लिहून ठेवलंय. आम्हाला विचारलं नाही, पण आता ती भिंतीवर आहे, लपवलेली नाही.

पगार शुक्रवारी झाला. हप्ता आज सकाळी नवीन खात्यातून गेला. मेसेज ह्यांना आला आणि ह्यांनी तो लगेच मला पुढे पाठवला, सोबत काहीही न लिहिता.

५९० च्या अर्जाचं उत्तर अजून नाही. पोच वहीत चिकटवलीय. ब्लाउजं चौदातली सहा सुटली.

दुपारी भाजी टाकली आणि गॅस गेला. चार आठवडे आणि दोन दिवस. दिवाळीचं तळण. सिलिंडरला साडेआठशेच्या वर, शिवाय वर चढवणाऱ्या मुलाचे तीस. कॅलेंडरवर हा कुठेच नव्हता. आजच्या चौकोनात 'गाडी'च्या खाली बारीक अक्षरात लिहिला आणि शेजारणीकडे अर्धवट शिजलेली भाजी घेऊन गेले.