जुळलेल्या बैलाचा भाव

दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात, लेसोथोच्या सीमेलगत माताटिएले आहे. तिथल्या खेड्यांत फिरता लिलाव भरतो. लोखंडी फाटकं, वजनकाटा आणि जनावरं चढवायचा उतार ट्रकमधून येतो, माळावर वाडा उभा राहतो आणि संध्याकाळी सगळं उचललं जातं. तिथे जनावरांचे दात बघणं, अंगावर डागलेली मालकाची खूण आणि कागद जुळवणं हे माझं काम.

मे महिन्यातला लिलाव होता. आपल्याकडे कडक ऊन, तिथे थंडीची चाहूल. थंडीत त्या डोंगरातल्या गवतातला कस जातो आणि पुढचे तीन-चार महिने जनावर नुसतं उतरत जातं. म्हणून विकायचं ते आत्ताच, अशी सगळ्यांची घाई.

एक वयस्क बाई तीन जनावरं घेऊन आल्या होत्या. बैल मोठा, रुंद शिंगांचा, काट्यावर पाचशे किलोच्या वर. जबडा उघडला तर आठही दात आलेले. आदत (पक्का दात न आलेला), दोन दाती, जुळलेला (सगळे दात आलेला) ही पारख मी आपल्याकडच्या घोडेगावच्या गुरांच्या बाजारात शिकले. दक्षिण आफ्रिकेत मात्र ती मांसाची प्रत ठरवायला लागते. दूधदाती जनावर ‘ए’, एक-दोन पक्के दात ‘एबी’, तीन ते सहा ‘बी’ आणि त्यापुढे ‘सी’. ‘सी’ला किलोमागे भाव कमी.

बोली लागली. बाईंनी ऐकून घेतली आणि मान हलवली. एक खरेदीदार चिडून म्हणाला, “यांना विकायचंच नसतं.” हे वाक्य मी अनेक बैठकांत ऐकलंय. देशातली सुमारे 40 टक्के गुरं लहान शेतकऱ्यांकडे असूनही कत्तलखान्यापर्यंत फार थोडी पोचतात, त्याचं कारण म्हणून हेच सांगतात.

बाईंनी माझ्याकडे वजनाची चिठ्ठी मागितली. माझ्या सहकाऱ्याने त्यांचं म्हणणं समजावलं: शनिवारी शेजारच्या गावात अंत्यविधी आहे, तिथल्या जेवणासाठी बैल हवा आहे, मोठाच हवा आहे. तिथे दात कोणी बघत नाही. आजवर त्या अंदाजाने किंमत सांगायच्या. आज आकडा हातात होता. चिठ्ठी चौघडी करून त्यांनी पदराच्या गाठीत नाही, मोबाइलच्या कव्हरात ठेवली आणि तिथूनच फोन लावला. ठरलेला भाव लिलावातल्या बोलीपेक्षा बराच चढा होता.

विकायचं नसलेली माणसं अशी वागत नाहीत. बाईंना दोन्ही बाजार पक्के ठाऊक होते.

अडलं ते लहान जनावरांपाशी, आणि मला वाटतं सगळी मेहनत तिथेच घ्यायला हवी. फीडलॉटवाल्यांना, म्हणजे जनावरं खुराकावर पोसून कत्तलीला विकणाऱ्यांना, दोनशे किलोच्या पुढचा, दूध तुटलेला गोऱ्हा लागतो. बाईंचा एक गोऱ्हा त्याच्या बराच खाली होता, गोचिडांनी कान कुरतडलेले. तो पडत्या भावात गेला. दुसरा अंगाने छान, पण डागलेला नव्हता. 2002 च्या कायद्याप्रमाणे मालकाचा नोंदलेला डाग लागतोच, आणि गुरांच्या चोऱ्या पाहता तो असायलाही हवा. मला त्याला वाड्याबाहेर काढावं लागलं. फार वाईट वाटलं, कारण त्यालाच सगळ्यात चांगला भाव आला असता.

“पुढच्या वेळी आणा,” म्हणणं सोपं असतं. पुढच्या वेळेपर्यंत गवत संपतं. मध्येच लाळ्या-खुरकूत निघाला तर वाहतूकच बंद. 2019 मध्ये देशाचा रोगमुक्त दर्जा गेला आणि 2024 मध्ये याच प्रांतात साथ आली. मोठ्या शेतकऱ्याकडे साठवलेला चारा असतो, तो थांबू शकतो.

जाताना बाईंनी विचारलं, डागायचं लोखंड गावासाठी एकच मिळेल का. डाग प्रत्येक मालकाचा वेगळा नोंदवावा लागतो, हे मी सांगितलं. मग त्यांनी आणखी सात घरांची नावं सांगितली आणि अर्ज त्याच संध्याकाळी भरून घ्यायला लावले.