नववीच्या वर्गातील एक खोडलेला 'ही'

चोपडा तालुक्यातील एका गावी मी इंग्रजी शिकवतो. कापूस वेचणीच्या दिवसांत निम्मा वर्ग शेतावर असतो, त्यामुळे सर्वनामांचा धडा पुन्हा घ्यावाच लागतो. अशाच एका उजळणीच्या तासाला नववीतील एका मुलीने पुरुषवाचक, दर्शक, संबंधी, आत्मवाचक असे सारे प्रकार न अडखळता सांगितले आणि मग वही पुढे केली. 'द बॉय हू केम यस्टरडे, ही इज माय ब्रदर' या तिच्या वाक्यातील 'ही' आधीच्या शिक्षकांनी लाल शाईने खोडला होता. कारण मात्र कुठेच लिहिलेले नव्हते. तपासणीची ही पद्धत मला मुळीच मान्य नाही.

तेच वाक्य मी तिला घरच्या बोलीत म्हणायला सांगितले. "जो काल उना, तो मना भाऊ शे," ती म्हणाली. अहिराणीत काय आणि मराठीत काय, 'जो' आला की मागून 'तो' येतोच. इंग्रजीत मात्र 'द बॉय हू केम यस्टरडे' एवढे सगळे मिळून 'इज'चा कर्ता होते, म्हणून दुसऱ्या कर्त्याला जागाच उरत नाही. मी फळ्यावर त्या शब्दांभोवती चौकट काढली, आतले सगळे पुसले आणि तिथे नुसता 'ही' लिहिला. वाक्य पूर्ण राहिले, तेव्हा मागच्या बाकांवरची मुलेही पुढे सरकली.

गाइडांनी या धड्याचे फार नुकसान केले आहे. प्रकार जणू शब्दालाच चिकटलेला असतो, अशा याद्या त्यांत छापतात. वास्तविक 'ही हर्ट हिमसेल्फ' यातून 'हिमसेल्फ' काढला तर अर्थच बदलतो, म्हणून तो आत्मवाचक. 'ही हिमसेल्फ केम' यातून काढला तर केवळ जोर कमी होतो.

तास संपता संपता त्या मुलीने विचारले, "सर, राजूने मित्राला आपली सायकल दिली किंवा त्याची दिली, दोन्हीकडे 'हिज'च, मग सायकल कोणाची हे कळणार कसे?" स्वतःची असेल तर 'हिज ओन' म्हणावे, मित्राची असेल तर वाक्यच फिरवून लिहावे, असे मी सांगितले. परीक्षेत अधोरेखित सर्वनामाचा प्रकार तेवढा विचारतात आणि तिथे तिला पैकीच्या पैकी गुण मिळतात. पुढच्या चाचणीत 'हिज' कोणाचा, हेच विचारावे असे मनात आहे. पण वार्षिक परीक्षेचा साचा तोच राहणार असताना मुलांचा वेळ त्यात घालवावा का, हे अजून ठरत नाही.