ड्रमर नसलेला ठेका

अमेरिकन गायक जॉनी कॅशवरच्या ऑडिओ मालिकेचं काम स्टुडिओत आलं तेव्हा अट सरळ होती. मूळ गाण्यांचे हक्क बजेटबाहेर, त्यामुळे मूळचा एक सूरही वाजवायचा नाही. पण 1956, 1963, 1968 आणि 1994 हे चार टप्पे ऐकणाऱ्याला वेगवेगळे कळले पाहिजेत. चाली आमच्या, पोत त्याचा. हाताशी एक गिटारिस्ट, एक डबल बासवाला, खर्जाचा एक गायक आणि एकच दिवस.

दिवसाचा निम्मा वेळ पहिल्या टप्प्यानं खाल्ला, आणि ते रास्तच होतं. कॅश मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्स या कंपनीत, तिचा मालक सॅम फिलिप्सपुढे उभा राहिला तेव्हा त्याच्याकडे ड्रमर नव्हता. साथीला गिटारवर ल्यूथर पर्किन्स आणि बासवर मार्शल ग्रँट, दोघेही गाड्या दुरुस्त करणारे मेकॅनिक. ग्रँट डबल बासवर अगदी नवखा. कुठला सूर कुठे, हे कळावं म्हणून त्यानं बासच्या मानेवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या होत्या. स्नेअरची, म्हणजे खरखरत्या आवाजाच्या ड्रमची, जागा भरायला कॅशनं स्वतःच्या गिटारच्या तारांत कागद ओवला. आगगाडीसारखा चालणारा तो प्रसिद्ध ठेका या अडचणीतून आला.

कागदाचं काम दिसतं तेवढं सोपं नाही. साधा छपाईचा 80 जीएसएमचा कागद एका तारेवरून, दुसऱ्या तारेखालून असा ओवला की पहिल्या काही मिनिटांत छान खरखरतो, मग घडीवर चिरतो आणि बाहेर सरकतो. डॉलरची नोट या कामाला का लोकप्रिय, ते तेव्हा कळतं: तिच्यात 75 टक्के कापूस आणि 25 टक्के लिनन, म्हणजे ती जवळपास कापडच. (आपल्या नोटाही कापसाच्याच, पण त्या तारांत चुरगाळू नयेत.) आम्ही सुती धाग्याचा, हातानं बनवलेला कागद घेतला, अडीच सेंटिमीटर रुंद पट्टी, एकदा दुमडलेली. जागा महत्त्वाची. पट्टी साउंडहोलच्या, म्हणजे गिटारच्या पोटावरच्या भोकाच्या, मधोमध आली तर सूर मरतो, नुसता ‘थप’ उरतो. तारा जिथे पोटावर टेकतात त्या ब्रिजपासून तीनेक सेंटिमीटरवर ठेवली की सूर टिकतो आणि वर झाडूसारखी ‘छक’ येते. माइक साउंडहोलसमोर लावला तर घुमारा ती ‘छक’ गिळतो. म्हणून तो मानेवरच्या बाराव्या फ्रेटकडे (पडद्याकडे), वीस सेंटिमीटरवर.

मग प्रतिध्वनी. सनमध्ये तो टेप मशीनमधून निघायचा: रेकॉर्ड हेडनं लिहिलेला आवाज टेपबरोबर पुढे सरकून प्लेबॅक हेडपाशी पोचायला जो वेळ लागतो, तेवढ्या उशिरानं तो मूळ आवाजात मिसळायचा. हेडमधलं अंतर दोन इंच आणि टेपचा वेग सेकंदाला 15 इंच धरला तर 133 मिलीसेकंद होतात. प्लगइनमध्ये, म्हणजे प्रतिध्वनीच्या सॉफ्टवेअरमध्ये, तोच आकडा टाकला, एकच पुनरावृत्ती, फीडबॅक शून्य म्हणजे तो पुन्हा पुन्हा घुमणार नाही, चार किलोहर्ट्झच्या वरचं कापलेलं. लय मिनिटाला 110 मात्रा ठेवली, कारण त्या लयीत मात्रेचा चौथा हिस्सा 136 मिलीसेकंदांचा, म्हणजे प्रतिध्वनी ‘छक’च्या सांध्यावर जवळजवळ नेमका बसतो. लय 95 वर आणून पाहिली तर तो पंचवीस मिलीसेकंद आधीच येऊन आदळत होता आणि ठेका लंगडत होता.

1956 च्या ‘आय वॉक द लाइन’मध्ये कडव्यागणिक सुराची पट्टी बदलते, हार्मोनियमच्या भाषेत: पांढरी चार, काळी पाच, काळी दोन, पुन्हा काळी पाच, पुन्हा पांढरी चार. म्हणजे आधीचा मध्यम पुढच्या कडव्याचा षड्ज होतो आणि मग त्याच वाटेनं परत. प्रत्येक कडव्याआधी कॅश जो हुंकार भरतो तो नवा षड्ज पकडण्यासाठी. शेवटचं कडवं पहिल्याच पट्टीत, पण एक सप्तक खाली. आमचा गायक हार्मोनियमवर वाढलेला, त्याला हे एका फटक्यात कळलं. खाली मात्र त्याचा खर्ज नुसती हवा देऊ लागला. माइकपासून दहा सेंटिमीटरवर आणून, हळू गायला लावून काम भागलं. जोर लावला की खर्ज पातळ होतो.

1963 झटपट उरकलं. तोवर कॅश कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीकडे होता, डब्ल्यू. एस. हॉलंड हा ड्रमर साथीला आला होता आणि ‘रिंग ऑफ फायर’वर मेक्सिकन थाटाचे ट्रंपेट होते. दोन ट्रंपेट, त्यातला एक पाच सेंट (अर्ध्या सुराचे शंभर सेंट) उतरलेला, एवढंच पुरलं.

वाद झाला तो 1968 वर. त्या वर्षी 13 जानेवारीला कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम तुरुंगाच्या जेवणघरात कॅशचे कैद्यांसमोर दोन कार्यक्रम झाले, सकाळी 9:40 आणि दुपारी 12:40 ला. कठीण भिंती, कठीण फरशी. एका कॉलेजच्या रिकाम्या मेसमध्ये फुगा फोडून घेतलेला इम्पल्स, म्हणजे त्या खोलीच्या घुमाऱ्याचा नमुना, आमच्याकडे होता, तो चपखल बसला. फक्त माणसांनी भरलेली खोली आवाज शोषते म्हणून घुमाऱ्याचं शेपूट 1.8 सेकंदांवरून 1.1 वर आणलं. मालिकेच्या निर्मातीला गाण्यातल्या खुनाच्या उल्लेखानंतर कैद्यांचा जल्लोष हवा होता. मूळ रेकॉर्डवर तो आहे, पण नंतर संकलनात जोडलेला. पहारेकऱ्यांदेखत कैदी अशा ओळींवर आवाज करायला धजावत नव्हते. खोट्याची नक्कल करायला माझी हरकत नसते, पण निवेदनात “प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण” असं म्हणायचं आणि खाली हा जल्लोष वाजवायचा, हे पटेना. शेवटी टाळ्या गाण्याच्या अखेरीस गेल्या.

1994 साठी सगळं बंद केलं. 1986 मध्ये कोलंबियानं त्याला सोडलं होतं. पुढे निर्माता रिक रुबिननं त्याला बैठकीच्या खोलीत एक गिटार घेऊन बसवलं. कागद नाही, प्रतिध्वनी नाही. गायक आणि गिटार एकत्रच घेतले, त्यामुळे एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये झिरपतो आणि नंतर सूर दुरुस्त करता येत नाही; टेक चुकला की अख्खा पुन्हा. श्वासाचे आणि खुर्चीचे आवाज डी-नॉइज या सफाईच्या प्लगइननं काढून पाहिले, तर गिटारची टोकंही बोथट झाली. प्लगइन काढलं आणि फाइल तशीच पाठवली, सोबत चिठ्ठी: सफाई नको.