टर्मिनलमध्ये चालते, क्लायंटमध्ये अडते: एसएसएच कीपायी गेलेले तीन दिवस

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं स्टॉकचं सॉफ्टवेअर मी जुळे सोलापुरात घरी बसून सांभाळतो. मे महिन्यात नवा विंडोज लॅपटॉप घेतला, गिट (कोडमधले बदल सांभाळणारा प्रोग्रॅम) टाकलं, एसएसएच की बनवली (पासवर्डऐवजी सर्व्हरला ओळख पटवणारी फाइलींची जोडी: प्रायव्हेट आपल्याकडे, पब्लिक सर्व्हरवर), पब्लिक की सर्व्हरवर चढवून घेतली. हे अर्ध्या तासात उरकलं.

पुढचे तीन दिवस एका ओळीने खाल्ले. गिटच्या ग्राफिकल क्लायंटमध्ये (बटणं दाबून गिट चालवायच्या प्रोग्रॅममध्ये) सर्व्हरवरचा कोड आणायला ‘पुल’ दाबलं की यायचं, ‘नो सपोर्टेड ऑथेंटिकेशन मेथड्स अव्हेलेबल’, म्हणजे ओळख पटवायचा मान्य मार्गच नाही. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, मात्र तीच की बिनबोभाट चालत होती.

मला वाटलं, माझी ईडी२५५१९ जातीची की या सर्व्हरला मान्य नसावी. म्हणून ४०९६ बिटांची, आरएसए जातीची बनवली. नकार. मग आणखी दोन बनवल्या. दर वेळी पब्लिक की चढवायला पुण्यातल्या सर्व्हर सांभाळणाऱ्या गृहस्थांना फोन. चौथ्या वेळी ते म्हणाले, “अहो, टर्मिनलमध्ये चालतंय ना? मग सर्व्हरकडे काय शोधताय?” इकडे कारखान्याच्या मालकांचा रोज फोन, “झालं का ओ बारकोडचं?” बारकोडची दुरुस्ती त्याच रेपॉझिटरीत (सर्व्हरवरच्या कोडच्या साठ्यात) अडकलेली. टर्मिनलवरून ती काढता आली असती, पण माझ्यासोबत काम करणारा मुलगा फक्त क्लायंटच वापरतो, त्यामुळे सोडून देता येईना.

तिसऱ्या रात्री लाइट गेली. बॅटरीवर बसून क्लायंटच्या ऑप्शन्समधलं एकेक पान वाचत गेलो, आणि एका कोपऱ्यात दिसलं, एसएसएच क्लायंट: प्लिंक. सर्व्हरशी एसएसएचने बोलायला टर्मिनलमध्ये ओपनएसएसएच आणि इथे पुटी या दुसऱ्या संचातला प्लिंक. दोन वेगळे प्रोग्रॅम! ओपनएसएसएच आपल्या फोल्डरमधल्या ‘डॉट एसएसएच’मध्ये जाऊन ठरलेल्या नावाची की स्वतः शोधतो. प्लिंक तिकडे बघतही नाही. त्याला पीपीके प्रकारची फाइल द्यावी लागते, नाहीतर पेजंट नावाच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये ती आधी भरून ठेवावी लागते. म्हणजे तीन दिवस क्लायंटमधून माझी एकही की सर्व्हरपर्यंत पोचलीच नव्हती. क्लायंटच्या मदतीच्या पानावर पहिलीच पायरी ‘नवी की तयार करा’ अशी आहे, कोणता प्रोग्रॅम ती वापरणार हे तिथे एका शब्दाने लिहिलेलं नाही. याचा राग मला अजून आहे.

खरं तर ती ओळच सांगत होती. ओपनएसएसएच नाकारतो तेव्हा ‘परमिशन डिनाइड’ म्हणतो, ‘नो सपोर्टेड…’ ही भाषा पुटीची. तेव्हा ओळ नीट वाचा आणि बोलतोय कोण ते आधी ओळखा. नवी की सगळ्यात शेवटी.

मग पुटीच्याच पुटीजेन या प्रोग्रॅममध्ये जुनी की इंपोर्ट केली, ‘सेव्ह प्रायव्हेट की’ने पीपीके केली, पेजंटमध्ये भरली. कीला पासफ्रेज (कीचा स्वतःचा पासवर्ड) नसेल तर क्लायंटमध्ये प्लिंकऐवजी ओपनएसएसएच निवडलं तरी भागतं. माझ्या कीला आहे आणि तो विचारायला क्लायंट खिडकीच उघडत नव्हता, म्हणून पेजंट.

तरी पुल फिरतच राहिलं, एररही नाही. नव्या सर्व्हरची होस्ट की (सर्व्हरची स्वतःची ओळख) साठवू का, असं प्लिंक पहिल्यांदा विचारतो, आणि तो प्रश्न पडद्यामागेच अडकला होता. ओपनएसएसएचने ती नोंद कधीच केली होती, पण पुटीची नोंद वेगळी, विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंग्जच्या साठ्यात). टर्मिनलमधून प्लिंक एकदा चालवलं, होस्ट कीचा ठसा (फिंगरप्रिंट) पुण्याहून फोनवर पडताळला, ‘वाय’ दाबलं. रात्री पावणेदोनला पुल झालं. एवढा आनंद मला पहिल्या पगारालाही झाला नव्हता.

हे आधी सांगायला हवं होतं: रिमोटचा (सर्व्हरवरच्या रेपॉझिटरीचा) पत्ता एचटीटीपीएसने सुरू होत असेल तर एसएसएच कीचा संबंधच येत नाही. गिटहबने (कोड ठेवायच्या वेबसाइटने) १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटसाठी खात्याचा पासवर्ड घेणं बंद केलं, तिथे एचटीटीपीएसला टोकन (पासवर्डऐवजी खात्यातून काढलेला कोड) लागतं. आणि प्रायव्हेट की कुणी कितीही ओळखीचा असो, व्हॉट्सअॅपवर पाठवू नका. चढवायची ती पब्लिक, एका सलग ओळीत.

सकाळी लॅपटॉप चालू केला तर पुन्हा नकार. रीस्टार्टनंतर पेजंट रिकामं होतं. त्याचा शॉर्टकट पीपीके फाइलच्या पत्त्यासकट स्टार्टअप फोल्डरमध्ये टाकलाय. आता लॉगिन केलं की पासफ्रेज विचारतं. बारकोडची दुरुस्ती त्याच दुपारी कारखान्याकडे गेली.