कोपऱ्यातले देव

नागपुरात सीताबर्डीवरच्या एखाद्या जुन्या इमारतीचा जिना चढून बघा. वळणावर, गुडघ्याच्या उंचीवर, गणपती, साईबाबा, मक्का-मदिना, येशू, गुरू नानक ओळीने टाइल्सवर बसलेले दिसतील. एवढी सर्वधर्म सभा एरवी निवडणुकीच्या तोंडावरच भरते. इथे मात्र ती भरवलीय खर्ऱ्यापायी. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून ठेलेवाला हा खर्रा ज्या तन्मयतेने घोटतो, ते बघत राहावं असं. पुढे पन्नी नालीत जाते आणि पिचकारी भिंतीवर.

देव कामी येतात का? येतात, टाइलपुरते. टाइल स्वच्छ असते आणि तिची कड संपली रे संपली की लाल ओघळ सुरू. एकदा एकाने मित्राला हटकलेलं मी ऐकलं, ‘‘गणपती हाय ना बे तिथं!’’ त्यावर उत्तर आलं, ‘‘दिसला ना भाऊ, म्हनून तं बाजूले थुंकलो.’’ भक्तीत काही खोट काढता येईना.

‘येथे थुंकू नये’ या पाटीबद्दल न बोललेलं बरं. ती बिचारी नेम धरायच्या कामी येते. भिंती विद्रूप करण्याविरुद्ध राज्यात १९९५ पासून कायदा आहे, तोही भिंतीसारखाच उभा आहे. जर्मनीत हॅम्बुर्गच्या सेंट पाउली भागात २०१५ साली भिंतींना पाणी झिडकारणारा रंग दिला. लघवी केली की शिंतोडे करणाऱ्याच्याच पँटवर. वाचून गुदगुल्या होतात, पण आपल्याकडे पँटवाला भिंतीच्या मालकालाच धुलाईचा खर्च मागेल.

मला पटली ती न्यूयॉर्कची युक्ती. तिथल्या भुयारी रेल्वेचे डबे पोरांनी नावं रंगवून भरून टाकले होते. १९८४ पासून रेल्वेने नेम केला, एकदा धुतलेला डबा पुन्हा रंगवला तर पुसल्याशिवाय फिरवायचा नाही. आपलं नाव शहरभर मिरवताना बघण्यातच सगळी मजा होती, तीच गेली. १९८९ मध्ये शेवटचा रंगवलेला डबा रुळांवरून उतरला. धाक नाही, देव नाही, नुसता चिवटपणा.

तसला चिवटपणा मी नागपूरच्याच महाल भागात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाहिला. नालीजवळ कचऱ्याचा ढीग असायचा. समोरच्या काकूंनी तो उचलून घेतला, जागा धुतली आणि रोज सकाळी तिथे रांगोळी घालू लागल्या. मोठी काही नाही, चार ठिपके, एक कमळ, मध्ये हळदीकुंकवाची चिमूट. पिशवी घेऊन आलेला माणूस तिथे घुटमळायचा, इकडेतिकडे बघायचा आणि पिशवीसकट पुढे निघायचा. (पुढे कुठे टाकायचा, ते विचारू नका.) काकूंना विचारलं तर म्हणाल्या, ‘‘कोनी सकाळीच येऊन गेलं हाय, येवढं दिसलं पाह्यजे बाप्पा.’’

मग त्या दोन दिवस लेकीकडे वर्ध्याला गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी तिथे खर्ऱ्याची पन्नी, संध्याकाळी नारळाची करवंटी. तेव्हापासून काकू गावाला निघाल्या की रांगोळीचा डबा आमच्याकडे येतो. माझं कमळ पत्ताकोबीसारखं दिसतं असं गल्लीतली पोरं म्हणतात. म्हणोत. ती बघायला थांबतात, आणि ती थांबली की पिशवीवाले थांबत नाहीत.