चागास रोग: परजीवी नष्ट झाला तरी हृदयाचे काय?

नाशिकमध्ये प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरला चागास रोगाचा रुग्ण उभ्या आयुष्यात एकदाही दिसणार नाही, ही शक्यता मोठी आहे. तरीही निवासी डॉक्टरांशी हृदयस्नायूच्या दाहाविषयी बोलताना मी हा रोग हमखास घेतो, कारण संसर्गावर औषध उपलब्ध असूनही हृदय का वाचत नाही, या प्रश्नाचे याच्याइतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

हा रोग मूळचा लॅटिन अमेरिकेतला. ब्राझीलमधील कार्लोस चागास यांनी १९०९ मध्ये ट्रिपॅनोसोमा क्रूझी हा परजीवी, तो वाहून नेणारा किडा आणि माणसाला होणारा आजार या तिन्हींचे वर्णन केले. ढेकणाच्या जातकुळीतला हा मोठा किडा रात्री भिंतीच्या फटीतून बाहेर पडून रक्त पितो. मात्र संसर्ग होतो तो त्याच्या विष्ठेतून, जी खाजवताना जखमेत किंवा डोळ्यात जाते. सुरुवातीचा ताप बहुतेकांच्या लक्षातही राहत नाही. त्यानंतर दहा, वीस, कधी तीस वर्षांनी सुमारे २० ते ३० टक्के बाधितांच्या हृदयावर परिणाम दिसू लागतो. इसीजीमध्ये उजव्या बंडल शाखेचा ब्लॉक, म्हणजे हृदयाच्या उजव्या बाजूकडे विद्युतसंदेश नेणाऱ्या वाटेतला अडथळा, आढळतो, हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याच्या टोकाशी फुगवटा येतो, त्यात रक्ताची गुठळी धरते आणि काहींचा तर थेट अचानक मृत्यू होतो.

बेन्झनिडाझोल आणि निफुर्टिमॉक्स ही परजीवीवरील दोन औषधे गेली अनेक दशके वापरात आहेत. जन्मजात संसर्ग झालेल्या बाळाला पहिल्या वर्षातच उपचार मिळाले तर ते जवळजवळ निश्चितपणे बरे होते. हृदय आधीच बिघडलेल्या रुग्णांचे काय, याचे उत्तर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बेनिफिट’ या रुग्णांवरील औषध-चाचणीने दिले. तिच्यात २,८५४ रुग्ण होते. बेन्झनिडाझोल घेतलेल्यांच्या रक्तातून परजीवीचे अंश सापडण्याचे प्रमाण घटले, पण मृत्यू आणि हृदयाच्या गंभीर घटना एकत्र मोजल्या, तेव्हा सरासरी पाच वर्षांहून अधिक काळाच्या पाठपुराव्यात औषध घेतलेल्यांत हे प्रमाण २७.५ टक्के आणि इतरांत २९.१ टक्के निघाले. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या दखलपात्र नव्हता. माझ्या मते याचा अर्थ औषध निकामी आहे असा नसून ते उशिरा पोहोचते असा आहे. वर्षानुवर्षांच्या दाहाने स्नायूच्या जागी तंतुमय व्रण तयार झाला की परजीवी मारून तो व्रण भरून येत नाही. आग विझवली तरी जळालेला वासा पुन्हा लाकूड होत नाही.

म्हणून त्या टप्प्यावर हृदयाचे उपचार हृदयासाठीच करावे लागतात: हृदयनिकामीपणाची नेहमीची औषधे, गुठळीसाठी रक्त पातळ करणारी गोळी, ठोके मंदावले तर पेसमेकर, घातक लय आढळल्यास ठोक्यांची लय सावरणारे अमिओडॅरोन किंवा शॉक देणारे यंत्र. येथे एक अडचण अशी की या रुग्णांचे ठोके मुळातच मंद असू शकतात, त्यामुळे ठोके आणखी मंदावणाऱ्या बीटा ब्लॉकर या हृदयाच्या औषधाचा पुरेसा डोस अनेकदा गाठता येत नाही. हृदय प्रत्यारोपण करता येते, परंतु प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू झाल्यावर शरीरात दबून राहिलेला परजीवी पुन्हा उचल खाऊ शकतो, आणि मग ज्या बेन्झनिडाझोलने आधी फारसा लाभ दिला नव्हता, तेच पुन्हा हाताशी घ्यावे लागते.

ट्रिपॅनोसोमा वंशातला परजीवी आपल्याला अगदीच परका आहे असेही नाही. गुराढोरांना सर्रा हा रोग देणाऱ्या ट्रिपॅनोसोमा इव्हान्सायची माणसातील एक गाजलेली नोंद चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याची आहे. अर्थात तो वेगळा परजीवी, आणि त्याच्यावरील औषधही वेगळे.

दक्षिण अमेरिकेत बालपण गेलेला किंवा तिथल्या खेड्यापाड्यांत दीर्घकाळ राहिलेला रुग्ण असा इसीजी घेऊन आला, तर त्याच्या प्रवासाची आणि राहत्या घराची चौकशी करावी, दोन वेगवेगळ्या पद्धतींच्या प्रतिपिंड चाचण्या कराव्यात, निदान पक्के झाल्यास त्याने रक्तदान करू नये हे सांगावे, आणि रुग्ण स्त्री असेल तर तिच्या मुलांचीही तपासणी करावी, कारण त्या मुलांच्या बाबतीत औषधाला अजून उशीर झालेला नसण्याची शक्यता असते.